मातीतून आलेल्या आरसी गाडीची सफाई आणि वंगण

मातीत, माळावर किंवा वाळूत पळणाऱ्या रेडिओ-नियंत्रित गाडीला सायकलीच्या साखळीसारखे अधूनमधून तेल पाजावे, असे नव्याने या छंदात आलेल्याला साहजिकच वाटते. प्रत्यक्षात उघड्यावर फिरणाऱ्या भागाला तेल लागले की उडालेली धूळ त्याला चिकटते, धुळीतले वाळूचे बारीक कण तेलात मिसळतात आणि तयार होणारा काळपट लेप दाते, पिना आणि बेअरिंगचे छर्रे पॉलिश पेपरसारखे घासत राहतो. म्हणून वंगण कुठे द्यायचे हे शिकण्याआधी ते कुठे द्यायचे नाही हे शिकावे, आणि वंगणाची बाटली हातात घेण्याआधी तो भाग पूर्ण स्वच्छ झाला आहे याची खात्री करावी. पुढील क्रम १/१० आणि १/८ मापाच्या (खऱ्या गाडीच्या दहाव्या आणि आठव्या हिश्शाएवढ्या) विजेवर चालणाऱ्या बग्गी, ट्रक आणि तत्सम गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. इंधनावरच्या गाड्यांसाठी जे वेगळे करावे लागते ते शेवटाकडे दिले आहे.

जवळ काय असावे

साहित्य फार लागत नाही. मऊ केसांचा रंगकामाचा ब्रश, एक जुना टूथब्रश, १.५, २ आणि २.५ मिलिमीटरचे चांगल्या पोलादाचे षटकोनी ड्रायव्हर, चाकांच्या नटांसाठी पाना, न तंतू सोडणारे कापड, आयसोप्रोपिल अल्कोहोल, बेअरिंगचे पातळ तेल, गिअरचे ग्रीस, आणि शॉक (धक्के शोषणारी तेलाची नळकांडी) व डिफ (वळताना दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी डिफरन्शियल गिअरची जोडणी) यांसाठी सिलिकॉन तेले एवढ्यावर बहुतेक काम भागते. स्क्रू ठेवण्यासाठी खणांचा डबा मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावा, कारण एकाच भागात ८, १० आणि १२ मिलिमीटर लांबीचे स्क्रू असू शकतात आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर तो आतल्या गिअरला किंवा मोटरच्या तारेच्या वेटोळ्यांना टेकतो.

पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन आणि मोटारींसाठीचा ब्रेक क्लीनर ही चार द्रव्ये या कामापासून दूर ठेवावीत. त्यांनी धातू झटकन साफ होतो हे खरे असले, तरी प्लास्टिकचे भाग ठिसूळ होतात आणि पॉलीकार्बोनेटच्या पारदर्शक बॉडीवर बारीक तडे जातात. बॉडी कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने पुसावी. तिचा रंग आतल्या बाजूने असल्यामुळे बाहेरून पुसल्यास तो जात नाही.

डब्ल्यूडी-४० बद्दल स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक वाटते, कारण ते सगळ्यांच्या घरी असते. ते १९५३ मध्ये धातूवरचे पाणी हटवण्यासाठी बनवले गेले, आणि पाणी हटवणारा चाळिसावा प्रयोग म्हणून त्याला ते नाव मिळाले. ओल्या गाडीवरचे पाणी घालवण्यासाठी ते खरोखर उपयोगी आहे. बेअरिंगमध्ये ते मारले तर मात्र आतले मूळ ग्रीस पातळ होऊन निघून जाते आणि मागे टिकाऊ वंगण उरत नाही; म्हणून त्याचा वापर झाला की त्या जागी खरे तेल द्यावेच लागते.

पहिली पायरी : बॅटरी बाहेर

कोणताही स्क्रू सैल करण्याआधी बॅटरी गाडीतून पूर्ण बाहेर काढावी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण गाडी उलटी धरलेली असताना चुकून बटण दाबले गेले आणि मोटर फिरली तर स्पर गिअरमध्ये (मोटरने फिरणाऱ्या मोठ्या दातेरी चाकात) बोट सापडू शकते. मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) हाताला गार लागेपर्यंत थांबावे. त्या वेळात लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी तपासावी: फुगवटा, पोचा किंवा कापलेले आवरण दिसल्यास ती पुन्हा वापरू नये. पुढचे काही दिवस गाडी चालणार नसेल तर बॅटरी प्रत्येक सेलला साधारण ३.८ व्होल्टवर आणून ठेवावी; ४.२ व्होल्टपर्यंत भरलेली किंवा रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की तिचे आयुष्य घटते.

दुसरी पायरी : कोरडी सफाई

ओला चिखल पुसायला गेले की तो पसरतो आणि सांध्यांमध्ये शिरतो. शक्य असेल तेव्हा तो वाळू द्यावा आणि मग ब्रशने झाडावा. वाळलेला चिखल खपल्यांसारखा सुटतो. वरून खाली या दिशेने काम करावे, म्हणजे शॉक टॉवर (शॉकची वरची टोके धरणारी उभी पट्टी) आणि सस्पेन्शनचे हात (चाकांना चेसिसशी जोडणारे हलते दांडे) आधी, चेसिसचा तळ शेवटी. मोटर आणि स्पर गिअर यांच्यामधल्या फटीत बारीक खडा अडकलेला असतो, तो आधी शोधावा. एवढा एक खडा प्लास्टिकच्या स्पर गिअरचे दाते एका फेरीत उडवू शकतो.

दाबाच्या हवेचा वापर करायला हरकत नाही, पण डोळ्यांना चष्मा लावून आणि झोत बेअरिंगवर सरळ न धरता. सरळ झोतामुळे धूळ बेअरिंगच्या झाकणाच्या आत ढकलली जाते. हवेने बेअरिंग गरगर फिरवून पाहण्याचा मोहही टाळावा, कारण कोरडे बेअरिंग अशा वेगाने फिरवले की आतली वाट खरवडली जाते.

यानंतर चाके काढावीत. १/१० गाड्यांत चाकामागे बहुधा १२ मिलिमीटरचा षटकोनी अ‍ॅडॉप्टर असतो आणि त्याला धरून ठेवणारी एक छोटी आडवी पिन असते. चाक ओढताच ही पिन निसटते आणि गवतात किंवा गालिच्यावर पडली की सापडत नाही. चाक हळू ओढावे, खाली पांढरे कापड पसरलेले असावे. १/८ गाड्यांत हाच अ‍ॅडॉप्टर बहुतेक १७ मिलिमीटरचा असतो.

स्क्रू काढण्याआधी त्याच्या डोक्यातली माती टूथब्रशने किंवा टोकदार सुईने साफ करावी. माती भरलेल्या खाचेत ड्रायव्हर पूर्ण बसत नाही, जोर दिला की तो घसरतो, खाच गोल होते आणि पाच मिनिटांचे काम ड्रिलपर्यंत जाते.

ब्रश फिरवत असतानाच प्रत्येक भाग बोटांनी चाचपावा. सस्पेन्शनच्या हाताला गेलेला केसाएवढा तडा, वाकलेली पिन, शॉकच्या दांड्यावरचा ओरखडा, सैल झालेला स्क्रू हे सारे याच वेळी कळते. माझ्या मते सफाईचा खरा उपयोग हा आहे. चकाकी तिच्या ओघात येते.

पाणी वापरावे का

ज्या गाडीवर जलरोधक असे लिहिलेले असते, तिचे रिसीव्हर (रिमोटचे संदेश घेणारा भाग), ईएससी आणि सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर) पाण्यापासून संरक्षित असतात. बेअरिंग, पिना आणि स्क्रू यांना ते लागू होत नाही आणि पाणी लागल्यावर गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून पाण्याने धुणे हा शेवटचा उपाय समजावा. चिखल इतका बसला असेल की ब्रशला दाद देत नाही, तर इलेक्ट्रॉनिक्स जलरोधक असल्याची खात्री करून, नळाच्या मंद धारेखाली गाडी धुवावी. दाबाचे पाणी मारणारे यंत्र कधीही वापरू नये. चाके वेगळी धुवावीत आणि रिम किंवा टायरला असलेली हवेची छिद्रे आधी चिकटपट्टीने बंद करावीत, नाहीतर आतला फोम पाणी शोषून घेतो, चाक जड होते आणि वेगात थरथरते.

धुतल्यानंतर गाडी झटकून, हवेने फुंकून, धातूच्या भागांवर पाणी हटवणारा फवारा हलकेच मारून हवेशीर जागी वाळवावी. हा फवारा स्लिपर क्लचवर (अचानक जोर आला की घसरून गिअर वाचवणाऱ्या क्लचवर) आणि टायरवर जाऊ देऊ नये. बेअरिंगला तेल त्याच दिवशी द्यावे. समुद्राच्या पाण्यात किंवा खाऱ्या ओल्या वाळूत गाडी नेऊच नये. गेलीच तर घरी पोहोचण्याची वाट न पाहता गोड्या पाण्याने धुवावी, कारण मीठ वाळले की पोलाद फार झपाट्याने गंजते.

बेअरिंग

देखभालीचा निम्मा वेळ बेअरिंगना द्यावा, असे मी मानतो. चारही चाकांना मिळून बहुधा आठ बेअरिंग असतात आणि डिफ, गिअरबॉक्स, स्टिअरिंग धरून चारचाकी चालनाच्या गाडीत ही संख्या वीसच्या आसपास जाते. १/१० गाड्यांत ५×१०×४ आणि ५×११×४ मिलिमीटर, तर १/८ गाड्यांत ८×१६×५ मिलिमीटर ही मापे वारंवार भेटतात. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी या क्रमाने ती वाचायची असतात.

तपासणी सोपी आहे. बेअरिंग बाहेर काढून आतले कडे दोन बोटांच्या चिमटीत धरावे आणि बाहेरचे कडे सावकाश फिरवावे. ते गुळगुळीत फिरले तर उत्तम. बोटांना खरखर जाणवली तर आत धूळ आहे. अडखळत फिरले किंवा कडी एकमेकांत हलू लागली, म्हणजे आडवा खेळ आला, तर ते साफ करण्यात अर्थ नाही, नवे घालावे. जाम झालेले बेअरिंग तसेच चालवल्याने काय होते हे मी एकदा पाहिले आहे: आतले कडे थांबले, अ‍ॅक्सल त्याच्या आत घासत फिरू लागला, उष्णतेने प्लास्टिकचा हब (चाकाची बेअरिंग धरणारा भाग) मऊ झाला आणि एका स्वस्त भागापायी हब, अ‍ॅक्सल आणि पिन असे तिन्ही भाग बदलावे लागले.

बेअरिंगची झाकणे दोन प्रकारची असतात. रबरी झाकण धूळ चांगली अडवते आणि बारीक सुरीच्या टोकाने आतल्या कडेच्या बाजूने हळूच उचलले की निघते. सुरीने कड कापली जाणार नाही याकडे लक्ष द्यावे. धातूच्या झाकणाला काही बेअरिंगमध्ये बारीक तारेची रिंग असते आणि ती काढली की झाकण सुटते. काहींत ते ठोकून बसवलेले असते, ते उचकटू नये.

झाकणे काढलेली बेअरिंग झाकणाच्या छोट्या बरणीत आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून बरणी मिनिटभर हलवावी आणि काही वेळ तशीच ठेवावी. द्रव काळा झाला की बदलावा आणि तो स्वच्छ राहीपर्यंत हे पुन्हा करावे. हे काम उघड्या खिडकीजवळ, ज्योतीपासून दूर करावे, कारण अल्कोहोल पेटते. मग बेअरिंग कापडावर काढून पूर्ण वाळू द्यावी आणि लगेच वंगण द्यावे. कोरडे, तेल नसलेले पोलाद दमट हवेत रात्रीतून गंजू शकते.

प्रत्येक बेअरिंगला एक थेंब तेल पुरते, मोठ्याला दोन. थेंब टाकल्यावर ते बोटांनी फिरवावे, झाकण बसवावे आणि बाहेर आलेले तेल पुसून काढावे, कारण बाहेरच्या ओलसर कडेवर धूळ बसून पुढची खराबी तिथूनच सुरू होते. मोटरसारख्या फार वेगाने फिरणाऱ्या जागी पातळ तेल योग्य आहे. चिखलात चालणाऱ्या गाडीच्या चाकांच्या बेअरिंगना हलके ग्रीस दिले तर फिरण्यात किंचित जडपणा येतो, पण पाणी आणि धूळ जास्त काळ बाहेर राहते. शर्यतीचे ध्येय नसलेल्याने चाकांसाठी ग्रीसच निवडावे.

गिअर, स्लिपर आणि डिफ

उघड्यावर असलेला प्लास्टिकचा स्पर गिअर आणि त्याला फिरवणारा मोटरवरचा पिनियन कोरडे ठेवावेत. टूथब्रशने दात्यांच्या फटी साफ कराव्यात एवढेच त्यांना हवे असते. साफ करताना मोटर हलली असेल तर मेश (दोन गिअरच्या दात्यांमधली फट) पुन्हा लावावी: दोन्ही गिअरच्या मध्ये साध्या पातळ कागदाची पट्टी घालून मोटर दाबून घट्ट करावी आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर दात्यांच्या घड्या स्पष्ट दिसाव्यात, पण ती फाटलेली नसावी.

स्लिपर क्लच घर्षणावर चालतो, म्हणून त्याच्या पॅडना तेलाचा थेंबही लागता कामा नये. सिलिकॉन तेल हाताळल्यानंतर स्लिपरला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत. ते बोटांवरून सहज पसरते आणि मग निघता निघत नाही.

बंद खोक्यातल्या धातूच्या गिअरची गोष्ट निराळी. तिथे धूळ पोहोचत नाही, म्हणून डिफचा मोठा रिंग गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन यांच्या दात्यांना ग्रीसचा पातळ थर द्यावा. खोके ग्रीसने गच्च भरल्याने फायदा होत नाही. जास्तीचे ग्रीस भिंतींना चिकटून राहते आणि सीलच्या कडेने बाहेर येऊन माती गोळा करते.

गिअर डिफच्या आत सिलिकॉन तेल असते आणि त्याची जाडी, म्हणजे घट्टपणा, सीएसटी (सेंटिस्टोक) या एककात मोजतात. बग्गीत ती काही हजार सीएसटी असते, जड मॉन्स्टर ट्रकात त्याहून कितीतरी अधिक. गाडीच्या माहितीपत्रकात दिलेली जाडीच सुरुवातीला वापरावी. डिफ उघडल्यावर जुने तेल करडे झाले असेल तर त्यात धातूची झीज मिसळली आहे असे समजावे. सगळे भाग पुसून, गिअरचे दाते पाहून नवे तेल भरावे. तेल आतल्या आडव्या पिना जेमतेम बुडतील इतकेच घालावे, कारण तापल्यावर ते फुगते आणि जागा नसेल तर सीलमधून गळते. बुडबुडे वर येईपर्यंत थांबावे, गॅस्केट सपाट बसवावे आणि झाकणाचे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळावेत.

काही गाड्यांत गिअरऐवजी छर्रे आणि चकत्यांवर चालणारा बॉल डिफ असतो. त्याच्या छर्र्यांना आणि चकत्यांना पारदर्शक सिलिकॉन डिफ ग्रीस, तर थ्रस्ट बेअरिंगला काळे ग्रीस लागते आणि ही दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. नवख्याने तो खरखर करू लागल्याशिवाय उघडू नये. जोडल्यावर एवढे पाहावे की जोर आला असता आधी स्लिपर घसरतो, डिफ नव्हे. डिफ घसरत राहिला तर त्याच्या चकत्या काही मिनिटांत खराब होतात.

ड्राइव्हशाफ्ट आणि सस्पेन्शनचे सांधे

चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्यांचे सांधे उघडे असतात. रबरी बूट चढवलेला असेल तर आत ग्रीस द्यावे. बूट नसेल तर सांधा साफ करून कोरडा ठेवावा किंवा वाळल्यावर चिकट न राहणारे पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) कोरडे वंगण लावावे. डॉगबोनच्या (दोन्ही टोकांना गोळा आणि पिन असलेल्या दांड्याच्या) टोकाची पिन आणि तिच्या कपाची खाच तपासावी. पिनेला खड्डा पडू लागला की दांडा बदलण्याची वेळ जवळ आली.

हिंज पिना (सस्पेन्शनचे हात ज्यांवर हलतात त्या बिजागरीच्या पिना) आणि बॉल जोड यांना तेल लावू नये. शॉकचे एक टोक सोडवून सस्पेन्शनचा हात उचलावा आणि सोडावा: तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. अडकला तर पिन काढून पुसावी, वाकलेली आहे का ते सपाट काचेवर लोळवून पाहावे आणि छिद्रातली माती काढावी. अडकणाऱ्या सांध्याला तेलाने आज मोकळे केले, तर आठवडाभरात तो अधिक घट्ट अडकतो.

शॉक

शॉकची बाहेरची सफाई प्रत्येक वेळी करावी, विशेषतः दांड्याच्या खालच्या टोकाची. दांड्यावर सुकलेली माती शॉक दबताना सीलमधून आत ओढली जाते आणि गळती सुरू होते. तेल बदलण्याची वेळ ओळखायची असेल तर शॉक सुटा करून, स्प्रिंग काढून दांडा आत-बाहेर करावा. चळकचळक असा आवाज आला किंवा हालचालीत मधेच पोकळपणा जाणवला तर आत हवा शिरली आहे.

जुने तेल ओतून टाकावे, नळकांडे आणि पिस्टन पुसावेत, दांड्याला ओरखडे असतील तर तो बदलावा, कारण ओरखडलेला दांडा नव्या ओ-रिंगही (गोल रबरी सील) कापतो. ओ-रिंग बदलताना त्यांना आणि दांड्याच्या आट्यांना शॉक तेलाचा थेंब लावावा. दांडा पूर्ण बाहेर ओढून नळकांडे काठोकाठ भरावे, पिस्टन सावकाश वरखाली करावा आणि शॉक उभा करून पाच ते दहा मिनिटे बुडबुडे निघून जाऊ द्यावेत. झाकण लावताना दांडा किती आत ठेवायचा हे शॉकच्या रचनेवर अवलंबून असते, म्हणून तेवढ्यापुरते माहितीपत्रक उघडावे. तयार झालेले डावे आणि उजवे शॉक शेजारी धरून लांबी आणि परत येण्याचा वेग सारखा आहे का ते पाहावे. फरक राहिला तर गाडी उडीनंतर एका बाजूला झुकते.

शॉकमध्ये फक्त सिलिकॉन तेल घालावे. खनिज तेलाने काही सील फुगतात. बाटलीवर वेट आणि सीएसटी असे दोन आकडे असू शकतात. एका कंपनीचे ३० वेट दुसरीच्या ३० वेटइतकेच असेल असे नाही, म्हणून तुलना सीएसटीच्या आकड्याने करावी.

मोटर, इलेक्ट्रॉनिक्स आणि स्क्रू

ब्रशलेस मोटरच्या चुंबकाकडे मातीतले लोखंडाचे कण ओढले जातात, म्हणून उघड्या खिडक्यांच्या मोटरमध्ये हवेने फुंकावे आणि दोन्ही टोकांच्या बेअरिंगना एक-एक थेंब पातळ तेल द्यावे. ब्रश असलेल्या मोटरमध्ये कार्बनची भुकटी साठते. ती मोटरसाठीच्या फवाऱ्याने, मोटर गाडीबाहेर काढून धुवावी आणि वाळल्यावर बुशिंगला (दांडा ज्यात फिरतो त्या धातूच्या साध्या कड्याला) तेल द्यावे. ईएससीचा पंखा ब्रशने साफ करावा, सर्व्होच्या आत काहीही फवारू नये.

जोडणी करताना धातूत जाणाऱ्या स्क्रूंना निळे थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावावे. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूंना ते लावू नये: ते धातूच्या संपर्कात आणि हवेविना घट्ट होते, प्लास्टिकमध्ये पकड देत नाही आणि काही प्लास्टिकांना तडे पाडते. प्लास्टिकमध्ये स्क्रू परत घालताना आधी तो उलटा फिरवावा, जुन्या आट्यात बसल्याचा हलका टक जाणवला की मग आवळावा.

इंधनावरची गाडी

इथे तेलकट अवशेष सगळीकडे उडालेला असतो, म्हणून कोरड्या ब्रशने भागत नाही. अल्कोहोल आणि कापड लागते. एअर फिल्टरचा फोम धुऊन, वाळवून, फिल्टर तेलाने भिजवून पिळावा. कोरडा फिल्टर बारीक धूळ थांबवू शकत नाही आणि ती धूळ इंजिनाचा पिस्टन व स्लीव्ह (पिस्टन ज्यात सरकतो ते नळकांडे) झिजवते. दिवसाच्या शेवटी टाकीतले इंधन काढून, इंजिन उरलेले इंधन संपून बंद पडेपर्यंत चालवावे आणि ग्लो प्लगच्या (इंधन पेटवणाऱ्या प्लगच्या) छिद्रातून आफ्टर-रन तेलाचे (इंजिन बंद केल्यावर गंज टाळण्यासाठी घालायच्या तेलाचे) काही थेंब टाकून ते फिरवावे, कारण इंधनातले मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते.

किती वेळा, आणि नंतर काय

कोरडी सफाई, सांध्यांची चाचपणी आणि चाके हाताने फिरवून पाहणे हे प्रत्येक वेळी करावे. त्याला वीस मिनिटांहून अधिक लागत नाहीत. पाण्यातून किंवा ओल्या चिखलातून गेल्यावर चाकांची बेअरिंग त्याच दिवशी उघडावीत. शॉक आणि डिफ दिनदर्शिकेपेक्षा लक्षणांवरून उघडावेत, आणि काय कधी बदलले, कोणत्या सीएसटीचे तेल घातले, ते वहीत लिहून ठेवावे. गाडी ठेवताना चेसिसखाली ठोकळा घालून चाके अधांतरी ठेवावीत, म्हणजे टायर आणि फोम एकाच जागी दबून चपटे होत नाहीत.

देखभालीनंतरची पहिली फेरी पाच मिनिटांचीच असावी. त्यानंतर बॅटरी काढून चारही हब आणि मोटर यांना बोट लावून पाहावे. एखादा हब इतर तिघांपेक्षा गरम लागला तर त्याचे बेअरिंग तिरके बसले आहे किंवा चाकाचा नट जास्त आवळला गेला आहे, तेव्हा ते चाक काढून पुन्हा बसवावे आणि मगच पुढची बॅटरी जोडावी.